पत्ता आमचाच दे

लंडनच्या एजवेअरमधल्या वैजयंतीच्या जुन्या घराला थंडी पडली की ओल धरायची. तिचा नवरा विनय, निवृत्त बसड्रायव्हर, ऑक्टोबर लागला की जो खोकायला लागायचा तो थेट मार्चपर्यंत. डॉक्टर म्हणाले, औषधं देतो, पण आधी ती ओल घालवा. जसं काही ओल घालवणं म्हणजे खायचं काम! म्हणूनच कमी उत्पन्नाच्या घरांना भिंतींना ऊब धरणारं अस्तर आणि घर गरम करणारा हीट पंप फुकट बसवून देणारी सरकारी योजना निघाली, तेव्हा वैजयंतीने पहिल्याच दिवशी अर्ज ठोकला. माणूस येऊन भिंती मोजूनसुद्धा गेला.

मग नकार आला. म्हणे घरात तीन मोठी माणसं राहतात आणि तिसऱ्याचा पगार भरपूर आहे.

तिसरा म्हणजे यतीन. सहा वर्षांपूर्वी नागपूरहून नोकरीला आला, तेव्हा बँकेला पत्ता हवा म्हणून रडकुंडीला आला होता. ओळखीच्या ओळखीतला मुलगा. अशा वेळी आपल्यात विचार कोण करतं? "पत्ता आमचाच दे," वैजयंती म्हणाली होती. तीन महिने राहून तो दुसऱ्या शहरात, मिल्टन कीन्सला राहायला गेला, पण बँकेत आणि मतदार यादीत पत्ता तोच राहिला. बदलायचं ना त्याने मनावर घेतलं, ना हिने.

आता तिने फोन करून पत्ता बदलायला लावला. कशासाठी ते सांगितलं नाही. पोराला उगाच लागलं असतं. तिने पुन्हा अर्ज केला, पण तोवर योजनेचा निधी संपला होता.

नोव्हेंबरात यतीनच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. छपरावर सोलर, मागे हीट पंप, घर कसं उबदार. "काकू, खरंतर एव्हरीवनने स्विच करायला हवं," तो जिलबी वाढत म्हणाला. "इट्स सो ईझी." वैजयंतीला वाटलं, तीच जिलबी याला फेकून मारावी. तिने मान डोलावली.

पाहुणे पांगले. विनयने स्वेटर काढून मांडीवर ठेवला होता. तीन तासांत तो एकदाही खोकला नव्हता.

"अहो, चला आता," ती म्हणाली.

तो खुर्चीतून हलला नाही.

"बसू या ना थोडं," तो हळूच म्हणाला. "परत तिकडेच तर जायचंय."