मास्तरांच्या घशातलं हाड

नळीबाबांच्या दारात सकाळी सातलाच दीडशे माणसं जमली होती. बाबा रोग्याच्या गळ्याला बाहेरून पितळी नळी लावत, दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढत आणि बशीत हाड थुंकत. बशी वाजली की गर्दी हात जोडी. पोटदुखीवाल्याच्या गळ्यातूनही हाडच निघे. बाबांकडे दुसरा माल नव्हता.

आमचे टेलरमास्तर तिथे तिसऱ्यांदा आले होते. माझी पँट चार महिने त्यांच्याकडे अडकलेली, म्हणून मीही सोबत. पण पँटचं सोडा, मास्तरांना घास गिळता येत नव्हता. केळ्याचा तुकडाही नरड्यात थांबायचा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून "घसा साफ आहे" म्हणून सांगितलं होतं. मास्तर रोज टेपने स्वतःची कंबर मोजत. अडतीसची एकतीस झाली होती, आणि मापात त्यांची चूक होत नाही.

पहिल्या खेपेला एक हाड निघालं, दुसऱ्या खेपेला दोन. केळं मात्र तिथेच अडकत राहिलं.

"श्रद्धा घेऊन या," बाबांनी बजावलं होतं. "नुसती भूक घेऊन येता."

आजही बाबा आत जाऊन चूळ भरून आले, "मान मागे" एवढंच बोलले आणि नळी उचलली. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, ती काढूनच घेतली.

"आधी तुम्ही आ करा."

बाबांनी नुसती मान हलवली.

"तीस वर्षं हे तोंडात टाचण्या धरून माझ्याशी बोलतायत. तोंडात काही धरलेल्या माणसाचा आवाज मला कळतो. आ करा."

बाबा शाप द्यायला गेले, आणि शापाबरोबर हाडही बाहेर पडलं. नळी अजून काकूंच्याच हातात होती.

रस्त्यावर मास्तर हळूच म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?" काकूंनी विचारलं.

"काढतो म्हणणारा दुसरा होता कोण?"

काकूंनी रिक्षा थांबवली आणि मोठ्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मानेचा एक्स-रे उजेडावर धरला. "हाड आहे खरं, पण तुमचंच. मणक्यांच्या पुढच्या बाजूला चोचीसारखं वाढलंय, अन्ननलिकेला दाबतंय. नळीने निघायचं नाही. ऑपरेशन करून तासता येतं. बहुतेकांना गिळता येतं, सगळ्यांना नाही. आधी आतून बघू. आ करा."

"आधी तुम्ही," मास्तर म्हणाले.

बाईंनी आ केला. चांगला मोठा. मास्तरांनी वाकून नीट पाहिलं, मग स्वतःचं तोंड उघडलं.

माझी पँट अजून मिळालेली नाही. पण एवढं सांगतो, तोंड उघडून दाखवा म्हटलं तर ज्याला राग येत नाही, त्याच्यापुढेच आपलं उघडावं.