एमची जागा

"मोमेंटमला पी, करंटला आय! एकाचं अक्षर नावाशी जुळंल तर शपथ. दारू पिऊन ठरवली का काय ही अक्षरं?"

रोहिणी माझ्या कानाशी पुटपुटत होती. उद्या बारावीचा फिजिक्सचा पेपर, आणि माझी लेक गॅसपाशी, गुडघ्यावर पुस्तक घेऊन. कुकरची शिट्टी झाली की तिची ओळ चुकायची.

चांगला उजेड पुढच्या खोलीत. तिथं ट्यूबलाइटखाली वैजनाथची सतरंजी. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा पुणतांब्याला गोदावरीत पोहायला उतरला. कपडे काठावर सापडले, तो सापडला नाही. तेव्हापासून त्या सतरंजीवर कुणी बसत नाही. शनिशिंगणापुरातलं घर आमचं, गावाच्या रीतीप्रमाणे दाराच्या जागी पडदा. सासूबाई रोज दिवेलागणीला तो बाजूला खोचून ठेवतात. दार असतं तर निदान वाजलं असतं. इथे वारा आला तरी तिघीजणी वर बघतो, आणि मग भाजीत मीठ कमी पडलं का, असलं काहीतरी बोलतो.

"करंटचा आय फ्रेंचांचा," मी कणीक मळत म्हटलं. माझी शाळा सातवीत सुटली. फिजिक्स वैजूच्या पुस्तकांतून आणि मोबाईलवर शिकले, तो आल्यावर बोलायला काहीतरी हवं म्हणून. "त्यांच्या भाषेत करंटची इंटेन्सिटी, त्याचा आय. प्रकाशाच्या वेगाचा सी लॅटिनमधला, म्हणतात. ती भाषा घरात बोलणारं आता कुणी नाही. अक्षर तेवढं राहिलंय."

"आन् पी?"

"ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. एमवर मास आधीच बसलेलं, एवढं खरं. मग मोमेंटमनं कुठं जायचं?"

"मास निदान तिथं हाय तरी," रोहिणी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

कणकेतले माझे हात थांबले. बाहेर खोचलेला पडदा सुटला, हलला. तिघींनी वर बघितलं.

कुणी नव्हतं.

मी मिठाचं काहीतरी बोलणार, तेवढ्यात सासूबाई भिंतीला धरून उठल्या. पडदा परत खोचतील असं वाटलं. त्यांनी तो नीट ओढून घेतला, सतरंजी झटकली.

"रोहे, हितं ये."

"आजी, ती दादाची..."

"वैजू मेला, पोरी. बस उजेडात."