रिकाम्या चौकटीचा दर

बहीण आली ती चपला काढण्याआधीच तोफ डागत आली. "दादा, माझ्या गाडीला चाकं आहेत की सोन्याचे पाय?" तिने मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

विम्याच्या नूतनीकरणाचा हप्ता होता. गेल्या वर्षीच्या तिप्पट. तिची विजेवरची गाडी नुकतीच आठव्या वर्षात गेली होती. त्या गाडीतून ती रुग्णालयातल्या परिचारिकांची ने-आण करी, आणि संपूर्ण विमा नसेल तर काम बंद, ही रुग्णालयाची अट होती. एवढा हप्ता भरला असता तर तिच्या पदरात गाडी धुण्याचा व्यायाम तेवढा उरला असता.

तो स्वतः त्याच विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडणारा. "जुन्या बॅटरीची जोखीम जास्त असते," तो म्हणाला. "तिला धक्का लागला की दुरुस्ती नाही, सरळ बदलायची. आणि निम्मी गाडी म्हणजे बॅटरीच."

"ते नव्या गाडीलाही लागू आहे की! जुन्या किती बिघडल्या ते बोल. भुतं नसतात हे पटवायला लहानपणी मला अंधाऱ्या माळ्यावर चढवलं होतंस ना? आता तू दाखव पुरावा."

घाव वर्मी बसला. पुराव्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हा त्याचा बाणा होता, आणि या दरावर तो बिनदिक्कत विश्वास ठेवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्याने दरांचा तक्ता उघडला. आठव्या वर्षातल्या आणि त्याहून जुन्या विजेच्या गाड्या: विमा काढलेल्या शून्य, भरपाईचे दावे शून्य. संगणक रिकामी चौकट स्वीकारत नसे. म्हणून स्वतःचा अनुभव नसेल तिथे बाजारातला दर घालायचा, अशी या धंद्याची रीत. बाजार म्हणजे आणखी दोन कंपन्या. त्यांपैकी एकीत त्याचा वर्गमित्र होता. त्याने मित्राला फोन लावला.

"जुन्या विजेच्या गाड्यांचा दर कशावरून काढलात रे?"

"कशावरून म्हणजे? तुमच्यावरून!" मित्र हसला. "म्हटलं, तुमच्याकडे अनुभव असेल. वर थोडं चढवलं, इतकंच."

"आणि ती तिसरी कंपनी?"

"ती आपल्या दोघांची सरासरी काढते. फार शास्त्रशुद्ध माणसं!"

तिघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून निश्चिंत उभे होते. पायाखाली जमीन मात्र एकाच्याही नव्हती. तो तडक विभागप्रमुख बाईंच्या खोलीत गेला. मॅडमनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"दर उतरवायला माझी ना नाही. पण पुरावा?"

"पुरावा जमायला अशा गाड्यांचा विमा निघायला हवा, मॅडम. या दराने तो काढणार कोण?"

"म्हणजे पुरावा नाही. आणि पुराव्याशिवाय आकड्याला हात लावू नये, हे नव्या लोकांना तुम्हीच शिकवता ना?" त्यांनी आवाज खाली आणला. "त्यातून गाडी तुमच्या बहिणीची. मी समजून घेईन. बाकीचे घेतील?"

उत्तर बिनचूक होते. त्याने स्वतःही दुसऱ्या कोणाला नेमके हेच दिले असते.

संध्याकाळी त्याने बहिणीला सगळे सांगितले.

"शाळेत याला कॉपी म्हणायचे," ती म्हणाली.

"दर चुकीचा आहे याचाही माझ्याकडे पुरावा नाही," तो म्हणाला, आणि त्या वाक्याच्या प्रामाणिकपणाची त्याला लाज वाटली. "यंदाचा हप्ता मी भरतो."

"आणि पुढच्या वर्षी? माझी एक गाडी धडधाकट राहिली, तर दर उतरवतील?"

"एका गाडीवरून काही ठरत नाही."

"मग ठेव तुझे पैसे. मी इथे प्रयोगाचा उंदीर, आणि प्रयोगसुद्धा मोजणार नाहीत!"

तिने गाडी मिळेल त्या भावाला विकली आणि दुसऱ्याच्या पेट्रोलवरच्या गाडीवर पगारी चालक म्हणून लागली. परिचारिका त्याच होत्या, रस्ताही तोच. रजा मात्र मालकाला विचारून.

दरांच्या वार्षिक बैठकीत मॅडमनी ती चौकट वाचली. "तिन्ही कंपन्यांचे दर एकमेकांशी जुळतात. ग्राहकांची एकही तक्रार नाही. कायम ठेवू या? कोणाचा आक्षेप?"

त्याने हात वर केला.

"पुरावा?" मॅडमनी मृदूपणे विचारले.

सगळी खोली त्याच्याकडे वळली होती. त्याच्यापाशी एकच गाडी होती, आणि तीही विकलेली.