खडूच्या खुणेपाशी

झरीच्या शाळेत सकाळचे ऊन आधी पूर्वेकडच्या खिडकीच्या गजांवर थांबते. मग फरशीवर त्याच्या पाच पट्ट्या पडतात आणि त्या पट्ट्यांत खडूची धूळ तरंगू लागते. कुणाला घाई नसावी तशी ती धूळ वर जाते, वळते, पुन्हा खाली येते. पट्ट्या सरकत सरकत फळ्याच्या पायाशी पोहोचतात, काल कुणीतरी अर्धवट पुसलेल्या पाढ्यावर चढतात आणि सात सत्ते एकोणपन्नासपाशी थोड्या रेंगाळतात. जवारीच्या शेतांवरून आलेले हे ऊन ताकासारखे फिकट असते. त्यात विशेष काही नाही. रोज येते, रोज जाते. शेवटी ते कपाटाच्या माथ्यावर येते आणि माझ्या निळ्या झाकणावर बसते. झाकण कोमट होते. त्या उबेत मला क्षणभर वाटते, आपण अजून पूर्णेच्या घरीच आहोत आणि आता कुणीतरी आपले झाकण उघडील.

मित्रांनो, दप्तर ठेवताना तुम्ही ज्याच्याकडे मान वर करून पाहता तो निळा पेटारा म्हणजे मी. कागदोपत्री मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. पूर्णेच्या घरात मला बाजा म्हणत, आणि मला स्वतःला तेच नाव आवडते.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला एक फिरती थाळी मिळाली, एक बारीक हात मिळाला आणि त्या हाताच्या टोकाला एक सुई मिळाली. तबकडीत गाणे एका लांबच लांब रेषेच्या रूपाने कोरलेले असते. सुई त्या रेषेतून चालते, थरथरते, आणि तिच्या थरथरण्याचेच गाणे होते. पहिल्यांदा हे घडले तेव्हा मी स्वतःच दचकलो होतो. आपल्या पोटात कुणीतरी दुसरेच राहत आहे, असे मला वाटले होते.

पूर्णा जंक्शनवर गोविंदराव नावाचे बुकिंग क्लार्क होते. त्यांनी मला विकत घेतले आणि माझ्याबरोबर बन्सीधरबुवांची एक तबकडी आणली. काही तबकड्या बंद खोलीत तयार होतात. काही मात्र भर मैफलीत, लोकांसमोर. मैफलीच्या अशा दोनच तबकड्या माझ्या आयुष्यात आल्या. एक माझी सर्वांत आवडती, दुसरी सर्वांत नावडती.

बन्सीधरबुवांची ती आवडती. हैदराबादच्या एका दिवाणखान्यात, सकाळच्या मैफलीत ती ध्वनिमुद्रित झाली होती. आरंभी मिनिटभर नुसता तंबोरा वाजतो. मग बुवांचा स्वर असा येतो की तो कधी सुरू झाला हे सांगता येऊ नये. दूर कुठेतरी एक होला घुमतो. दीडशे माणसे समोर बसली आहेत आणि त्यांचे बसणे फक्त शांततेच्या जाडीवरून कळते. अगदी शेवटी एक म्हातारा अस्फुट आवाजात "क्या बात है" म्हणतो, आणि तबकडी संपते. ती वाजवताना मी यंत्र आहे हे मला आठवत नसे.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली गोविंदराव निवृत्त होऊन परभणीला राहायला निघाले. जाण्यापूर्वी त्यांनी स्टेशनवरच्या सिताराम नावाच्या पॉइंटमनला बोलावले. गाडीचे रूळ बदलणारा, हिरवे-तांबडे निशाण दाखवणारा हा उंच माणूस दारातच उभा राहिला.

"बाजा तुझ्याकडं राहू दे, सिताराम. तुझ्या लेकीला गाण्याचा नाद आहे."

"साहेब, इतकी किमती चीज आमच्या घरी?"

"ने. फक्त एक ध्यानात ठेव. ह्याची सुई वर्षाला बदलायची. बोथट सुई तबकडी खाते. परभणीला मिळते."

"बाबासाहेबांच्या जयंतीला दरसाल परभणीला जातोच की मी. त्याच दिवशी आणीन."

सितारामचे रेल्वेचे घर दोन खोल्यांचे होते. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली मला जागा मिळाली. घरात पत्नी कुसुमबाई आणि चौदा वर्षांची मुलगी सत्यशीला. पहिल्या संध्याकाळी त्यांनी बन्सीधरबुवांना लावले. तिघेही गुडघे जवळ घेऊन बसले.

"लोक हायत का न्हाई तिथं?" कुसुमबाईंनी थोड्या वेळाने विचारले.

"हायत. गुपचूप बसलेत," सिताराम म्हणाला.

"टाळी न्हाई, शिट्टी न्हाई. गाणं संपलं का मयत झाली, कळंना."

सत्यशीला तोंडाला ओढणी लावून हसली. माझा अपमान झाला. पुढे त्या घरात बुवांची तबकडी क्वचितच वाजली.

वर्षभराने दुसरी तबकडी आली. तिच्यावर 'माणिकराव आणि पार्टी' असे लिहिले होते. परभणीच्या मैदानावर जयंतीनिमित्त झालेला त्यांचा कार्यक्रम मुंबईच्या माणसांनी ध्वनिमुद्रित करून नेला होता. मित्रांनो, ती माझी नावडती. माइक किंचाळत होता. कुणाचे तरी लेकरू सलग दोन गाणी रडत होते. गायनपार्टीच्या कार्यक्रमात एक रीत असते: गाणे आवडले की श्रोता उठून मंचाजवळ जातो, बक्षीस देतो, आणि गायक गाणे मध्येच थांबवून त्याचे नाव पुकारतो. ढोलकी तेवढी चालू राहते. शांततेच्या मैफलीवर वाढलेल्या मला ही रीत म्हणजे गाण्याच्या अंगावर चिखलाचे पाय वाटली.

तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्यात असेच घडते. माणिकराव थांबतात आणि म्हणतात, "चुडाव्याचे सिताराम यांच्याकडून..." इतक्यात माइकच्या अगदी जवळून एक संकोची, जाड आवाज येतो.

"चुडाव्याचा माझा बाप. मी पूर्णेचा हाय. आन् नाव माझं नका घेऊ. लेकीचं घ्या. सत्यशीला."

सारे मैदान हसते. "बाप म्हणावा तर असा," माणिकराव म्हणतात, आणि गाणे पुन्हा उचलले जाते. गाणे तोडल्यावाचून हे बोलणे काढता आले नसावे. म्हणून ते राहिले.

ती तबकडी लागली की सिताराम दाराकडे जाऊन पाठमोरा उभा राही. हिरव्या निशाणाची घडी उगाच मोडी आणि पुन्हा घाली.

"सगळ्या परभणीला सांगितलं, बाप चुडाव्याचा होता म्हणून," कुसुमबाई त्याला टोचत. "कुणी इचारलं होतं?"

"चूक होती ती दुरुस्त केली. गाडीचं आन् माणसाचं ठेसन बराबर सांगावं लागतं."

"बाबा, पुन्हा लावू?" सत्यशीला विचारी.

"लाव. मी ऐकायलो न्हाई."

आणि तो ऐकत असे. हे मला त्याच्या पाठीवरून कळे.

पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सितारामला कावीळ झाली. आठ दिवसांत तो गेला. घरात त्याचा एकच फोटो होता, स्टेशनवरच्या वीस जणांत मागच्या रांगेत उभा असलेला, चेहरा नखाएवढा. पण आवाज होता. माझ्यापाशी होता. कुसुमबाईंना वाचता येत नव्हते, म्हणून त्यांनी सत्यशीलाच्या हातातला खडू घेतला आणि सुईचा हात कुठवर आत नेला की त्यांचा माणूस बोलू लागतो, त्याची एक पांढरी खूण माझ्या अंगावर केली. स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये त्यांना काम मिळाले होते. सकाळी निघण्यापूर्वी त्या सुई नेमकी त्या खुणेपाशी टेकवत. चुडाव्याचा माझा बाप. मी पूर्णेचा हाय. सत्यशीला. मग हात उचलत, चप्पल घालत आणि जात. संध्याकाळी पुन्हा एकदा. अख्खे गाणे त्यांनी कधी लावले नाही.

माझे मन केव्हा फिरले, मला सांगता येणार नाही. मला इतकेच आठवते की सकाळचे ऊन दाराच्या फटीतून आत आले की मी वाट पाहू लागे. ज्या गलक्याचा मला तिटकारा होता, त्यातले एकेक हसू मला ओळखू येऊ लागले. डावीकडचा एक माणूस सगळ्यांच्या नंतर हसतो. ते लेकरू नेमके त्याच वेळी रडायचे थांबते. आणि त्या थांबण्यात तो आपल्या मुलीचे नाव घेतो. बुवांच्या मैफलीतल्या शांततेहून ती जागा मला अधिक शांत वाटू लागली.

दोन वर्षे अशी गेली. मग एके सकाळी माझा हात खुणेपाशी टेकला आणि घसरला. दुसऱ्या दिवशीही घसरला. शेजारच्या धुरपताबाई कुंकवाच्या पुड्या विकत आणि सगळ्यांच्या घरात सल्ले देत. त्या उंबऱ्यातून म्हणाल्या, "वर वजन ठिव की, कुसुम. आमच्या मामाच्या बाजावर तसंच ठिवायचे. दाबून बसला का कुठं जातोय?"

कुसुमबाईंनी पेटीतून निजामाच्या वेळचे एक जाड तांब्याचे नाणे काढले आणि माझ्या हातावर, बरोबर सुईच्या वर, चिंधीने बांधले. हात पुन्हा रेषेत बसला. आवाज आला. कुसुमबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला मात्र हायसे वाटले, मित्रांनो. आता मला कुणी बाजूला ठेवणार नव्हते.

अठ्ठ्याहत्तर साली सत्यशीलाला या झरीच्या शाळेत नोकरी लागली. निघण्यापूर्वी बाबांचा आवाज टेपवर उतरवून घ्यायचा, म्हणजे एक प्रत मायजवळ आणि एक आपल्याजवळ राहील, असे तिने ठरवले. तिने परभणीला गोविंदरावांना पत्र लिहिले. ते आपल्या भाच्याचा टेपरेकॉर्डर पिशवीत घालून सकाळच्या गाडीने आले.

"बोलायचं नाही कुणी," ते म्हणाले. "खुर्ची पण वाजली तर टेपवर येईल."

"आमच्यात खुर्ची हायच कुठं, साहेब," कुसुमबाई म्हणाल्या आणि आनंदाने खाली बसल्या. त्या दिवशी त्यांनी नवे लुगडे नेसले होते.

खुणेपाशी सुई टेकली. माणिकराव बोलले, त्यांचा आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा होता. मग 'चुडाव्याचा' आले, 'बाप' आले, पुढचे काही पाण्याखालून आल्यासारखे आले. त्यानंतर फक्त खरखर झाली. हात उडाला आणि पुढच्या कडव्यात पडला.

गोविंदरावांनी टेप मागे घेतली. पुन्हा लावले. तिसऱ्यांदा लावले. तिन्ही वेळा तिथे खरखर होती.

"कालच सकाळी होतं की," कुसुमबाई म्हणाल्या. "मी ऐकून कामाला गेले. सत्यशीला म्हणतेत ते. साफ ऐकू येतं."

 सत्यशीलाने आईचा हात हातात घेतला.

"माय, लय दिवस झाले, न्हाई ते. तुला पाठ हाय म्हणून तुला ऐकू येतं."

"तुला ठाव होतं?"

"होतं."

"मग सांगितलं न्हाईस."

"रोज सकाळी तू हासत जायचीस, माय. कसं सांगू?"

गोविंदरावांनी चिंधी सोडली, नाणे बाजूला ठेवले आणि चष्मा कपाळावर चढवून माझी सुई डोळ्यांजवळ नेली. "ही कधी बदलली होती?"

"सुई हेच आणायचे," कुसुमबाई म्हणाल्या. "जयंतीला."

सत्यशीला मला सोबत घेऊन झरीला आली. तुमच्या बाई त्या ह्याच. त्यांनी मला नवी सुई बसवली. शनिवारी सकाळी त्या तुम्हांला बन्सीधरबुवांची तबकडी ऐकवतात. ती अजून नव्यासारखी आहे, कारण त्या घरात तिला फारसे कुणी विचारले नाही. कपाटातल्या दुसऱ्या तबकडीला त्यांनी हिरव्या निशाणाच्या कापडात गुंडाळून ठेवले आहे. गेल्या शनिवारी तुमच्यापैकी कुणीतरी म्हणाले, "बाई, ती दुसरी लावा की." बाई म्हणाल्या, "ती जुनी झाली." एवढेच म्हणाल्या. त्यांनी कधीही माझ्याकडे बोट दाखवले नाही.

मी मात्र कपाटावर बसून वर्षभर इतरांकडे बोट दाखवत आलो आहे. पूर्णेच्या उन्हाळ्याने तबकडी वाकली असेल. तांब्याच्या नाण्याने दाबली असेल. धुरपताबाईंचा सल्ला वाईट. मुंबईच्या माणसांनी रेषा उथळ कोरली असेल. शेवटी, गर्दीतल्या गाण्याला आयुष्य ते किती असणार, असेही मी स्वतःला सांगून पाहिले. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचा आवाज, कुणाचे अक्षर, कुणाची एखादी वस्तू जपलेली असेल, तर ती ज्या हातांनी रोज घेता ते हातही अधूनमधून तपासा. गेलेल्या माणसाकडे जी लहानसहान कामे होती, ती कोण करणार, हे घरात एकदा विचारा. आणि एखादी वस्तू घसरू लागली तर तिच्यावर वजन ठेवू नका; ती का घसरते ते पाहा.

आज सकाळी ऊन माझ्या झाकणावर आले. बाईंनी धूळ झटकण्यासाठी झाकण उघडले, आणि ऊन आत, खडूच्या खुणेवर पडले. खूण त्यांनी अजून पुसलेली नाही. कितीतरी वेळ ते ऊन तिथेच होते.

माझा हात पहिल्यांदा घसरला, त्याच सकाळी मला कळले होते की सुई बोथट झाली आहे. तिच्यावर नाणे बांधले गेले तेव्हा मला आनंद झाला होता. सत्यशीलाचे नाव मी पुसले.