जोडलेली सोळा पाने

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे, फुटबॉलवरचे. माझ्या कव्हरवर एक गोलपोस्ट आहे आणि त्याच्यापुढे पाठमोरा उभा असलेला एक माणूस. माझे नाव ‘जाळ्यापुढे एकटा’. तुम्ही ते ऐकले नसेल. माझ्या पाचशेच प्रती निघाल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक कुठल्याशा गोदामात वाळवीने खाल्ल्या.

माझे लेखक रेल्वेच्या संघाचे गोलकीपर होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकडी झाली होती. त्याच हाताने त्यांनी निवृत्तीनंतर मला चार वह्यांत लिहून काढले. खेळ कसा जिंकावा हे त्यांना सांगायचे नव्हतेच. गोलपोस्टखाली उभा राहणारा माणूस काय काय सोसतो, ते त्यांना सांगायचे होते.

पुण्यातल्या एका लहान छापखान्यात माझा जन्म झाला. बांधणीच्या वेळी माझ्या एका घडीचा कागद जरासा आत सरकला आणि कापणाऱ्या यंत्राचे पाते तिथपर्यंत पोचले नाही. सत्त्याण्णव ते एकशे बारा ही माझी सोळा पाने वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच राहिली. बाहेरून पाहणाऱ्याला ते कळत नसे. चाकूने एकदा कापले की झाले असते. पण त्यासाठी कुणीतरी तिथपर्यंत वाचत यायला हवे होते.

तेरा वर्षांपूर्वी मला अविराजने विकत घेतले. अविराजचे बारामतीत ठिबक सिंचनाचे दुकान आहे. माणूस मोठ्या मनाचा. फुटबॉल म्हणजे त्याचा जीव. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो दुकानाच्या वरच्या खोलीत फुटबॉलवेड्या लोकांची बैठक भरवी. बारामतीचे, इंदापूरचे, काटेवाडीचे पंधरा-वीस जण जमत. प्रत्येकाने फुटबॉलवरचे आपले एक आवडते पुस्तक आणायचे आणि इतरांनी ते का वाचावे ते सांगायचे, असा नियम होता. कुणी परदेशी खेळाडूचे जाडजूड आत्मचरित्र आणी. कुणी चुकून क्रिकेटचे पुस्तक घेऊन येई, मग हशा पिके. अविराज मात्र दर वेळी मलाच उचलून धरी.

“लेको, हे एक पुस्तक वाचा,” तो म्हणे. “दुसरं काय वाचलं न्हाय तरी चालंल. मी सात-आठ येळा वाचलंय.”

मला ठाऊक होते की तो चाळिसाव्या पानापर्यंत आला होता. एक्केचाळिसाव्या पानावर दुकानातल्या पावतीचा एक कपटा खूण म्हणून ठेवलेला होता, आणि तो कधीच पुढे सरकला नाही. तरीही त्याच्या तोंडून माझी स्तुती ऐकताना मला बरे वाटे. मित्रांनो, हे मी लपवत नाही. कपाटात पडून राहण्यापेक्षा न वाचता केलेली स्तुतीही गोड लागते.

दोन वर्षांपूर्वीच्या एका बैठकीला विकी आला. काटेवाडीचा, चोवीस वर्षांचा. गावातल्या दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायचे काम करी आणि अविराजने उभ्या केलेल्या संघात गोलकीपर म्हणून खेळे. शाळा सुटल्यापासून त्याने पुस्तक हातात धरले नव्हते. पण अविराजचे बोलणे संपल्यावर तो पुढे आला आणि म्हणाला, “दादा, मला द्याल का? जपून वापरीन.”

त्याने मला खरोखर जपले. वर्तमानपत्राचे कव्हर घातले. सकाळचे दूध टँकरमध्ये गेले की केंद्राच्या पायरीवर बसून तो ओठ हलवत वाची. दिवसाला तीन पाने, कधी चार. एखादी ओळ पटली की बहिणीला फोन करून वाचून दाखवी. करुणा त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी, बारामतीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवले होते. ती म्हणे, “पुरं झालं रे, माझे पेशंट थांबल्यात,” आणि तरीही ऐकत राही.

माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच वाचणारा माणूस मिळाला होता.

एके दिवशी विकी शहाण्णव पाने संपवून पुढे आला आणि अडला. त्याने जोडलेली पाने वरून फुगवून आत डोकावून पाहिले. खिशात किल्ली होती, ती त्याने फटीत घातलीही. मग काढून घेतली. दुसऱ्याचे पुस्तक, न विचारता फाडायचे कसे? संध्याकाळी सरावाला गेल्यावर त्याने मला अविराजपुढे धरले.

“दादा, हितली पानं जोडलेलीच हायत. कापू का?”

आजूबाजूला सगळा संघ बुटांच्या नाड्या बांधत होता. संघाचा कॅप्टन संभाजी तर अगदी शेजारी उभा होता. अविराजने माझ्याकडे पाहिले. ती पाने जोडलेली आहेत हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होते. त्याचा चेहरा जरा उतरला, पण तेवढ्यापुरताच.

“आरं, ती... ती मुद्दामच तशी ठेवल्यात मी,” तो म्हणाला. “त्यात नुसती मापं हायत. गोलची उंची, जाळ्याचा दोर, असलं. तू सोड ते. म्होरचं वाच.”

विकीने मान हलवली, रात्री बहिणीला फोनवर हे सगळे सांगितले आणि पुढचे वाचले.

मित्रांनो, त्या सोळा पानांत मापे नव्हती. माझ्या लेखकांनी तिथे त्यांच्या एका मित्राची हकिकत लिहिली होती, आणि माझ्या मते तेवढ्यासाठीच त्यांनी मला लिहिले होते. पण मला तोंड नाही. मी विकीच्या खेळाच्या बॅगेत पडून राहिलो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये इंदापूरला स्पर्धा झाली. उपांत्य सामना सकाळी नऊचा होता. विकीची बॅग गोलच्या मागे ठेवलेली आणि मी तिच्यात, त्याच्या टॉवेलखाली. उत्तरार्धात समोरचा खेळाडू चेंडू घेऊन आत घुसला, आणि विकीने त्याच्या पायांत झेप घेतली. त्या खेळाडूचा गुडघा विकीच्या कानशिलावर बसला. नारळ फरशीवर पडावा तसा आवाज आला.

विकी उठेना. माणसे धावली. कुणी तोंडावर पाणी मारले. थोड्या वेळाने तो उठून बसला आणि विचारू लागला, “आपण कोणत्या बाजूनं खेळतोय?”

लोक हसले. संभाजीने त्याच्या काखेत हात घालून त्याला उभे केले. “विकी, गोलकीपर तूच हायस आपला. बदलीला कोण न्हाय. वीस मिनटं काढ.”

“मी बरा हाय,” विकी म्हणाला.

अविराज रेषेबाहेरून ओरडला, “शाब्बास वाघा!”

विकीने वीस मिनिटे काढली. शेवटी एक पेनल्टीसुद्धा अडवली. त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवले. नाचवताना त्याचे डोके मागेपुढे हलत होते.

दुपारी दोन वाजता तो घरी आला. वडील, ज्ञानदेव, मळ्यात वांगी तोडायला गेले होते. विकीने करुणाला फोन केला. “ताई, जिंकलो. डोकं लई दुखतंय पण.”

त्या दिवशी दवाखान्यात एका अपघातातले चार जखमी एकदम आले होते. करुणाच्या मागे कुणीतरी तिला हाका मारत होते. “उनाचं दुखत आसंल,” ती घाईने म्हणाली. “एक गोळी घे आन पड जरा. मी आल्यावर बघते.”

त्याने गोळी घेतली आणि तो पडला. पाच वाजता ज्ञानदेव आबा घरी आले, तेव्हा तो घोरल्यासारखा आवाज करत होता आणि हाका मारूनही डोळे उघडत नव्हता. शेजारच्यांच्या टेम्पोतून त्याला बारामतीला नेले, तिथून पुण्याला. कवटीच्या आत रक्त साचले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी विकी गेला.

अंतिम सामना त्याच्या संघाने काळ्या फिती लावून खेळला.

विकीसाठी केलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी करुणाने त्याची बॅग उघडली. हातमोजे अजून ओले होते आणि त्यांना कुबट वास येत होता. तिने ते उन्हात ठेवले. मग मला बाहेर काढले. आपला भाऊ कुठवर आला होता ते पाहावे म्हणून तिने पाने उलटली. तो शेवटपर्यंत पोचला होता. मधली पाने मात्र जोडलेली होती.

ती स्वयंपाकघरातून भाजीचा चाकू घेऊन आली आणि तिने माझी कडा कापली. मी छापला गेल्याला तीस वर्षे होऊन गेली होती. त्या पानांवर उजेड पहिल्यांदा पडत होता.

सुरुवातीला ती मनात वाचत होती. मग आबांनी विचारले, “काय हाय त्यात?” आणि ती मोठ्याने वाचू लागली.

“माझा मित्र डोक्यावर पडला, उठला आणि ‘मी बरा आहे’ म्हणाला. आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला. तेव्हापासून मी प्रत्येक संघाला सांगत आलो. डोक्याला मार लागलेल्या माणसाला तो बरा आहे का, हे विचारू नका. त्याला ते कळत नसते. त्याला बाहेर काढा. त्याला वेळकाळाचे भान नसेल, डोके दुखत असेल, तर ताबडतोब दवाखान्यात न्या आणि एकट्याला झोपू देऊ नका. सामना घालवा.”

पुढे तिला वाचता येईना. आबांनी मला तिच्या हातातून घेतले आणि बराच वेळ नुसते मांडीवर ठेवले.

“विकीनं हे वाचलं न्हवतं का?” त्यांनी विचारले.

“पानं जोडलेली हुती आबा.”

एप्रिलच्या पहिल्या रविवारी अविराजच्या दुकानावर विकीच्या आठवणींची बैठक होती. करुणा मला घेऊन गेली. अविराज बोलत होता. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. “विकीचं सगळ्यात आवडतं पुस्तक मीच त्याला सांगितलं हुतं,” तो म्हणाला. “त्याच्यासाठी तरी ते प्रत्येकानं वाचा.”

करुणा उठून उभी राहिली. “दादा, शंभराव्या पानावर काय हाय?”

संभाजी खाली बघू लागला. त्याला तो सरावाचा दिवस आठवला असावा.

“मापं...” अविराज पुटपुटला.

करुणाने मला उघडून त्याच्या हातात दिले. तो उभ्यानेच वाचू लागला. एक पान झाल्यावर तो खुर्चीत बसला. दुसऱ्या पानानंतर त्याने मला मिटले.

“मी हे पुस्तक वाचलेलं न्हाय,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. “चाळीस पानं वाचली हुती. तेवढ्यावर बारा वर्सं बोलत आलो.”

“मी काय एकट्या तुमाला दोष द्यायला आले न्हाय,” करुणा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. “त्यानं मला फोन केला हुता. मी नर्स हाय. कुठं लागलं का, येवढं एक वाक्य मी इचारलं न्हाय. ते माझं मी बघीन. पण त्यानं कापू का म्हणून इचारलं, तवा तुमी न्हाय का म्हणला? येवढं सांगा.”

अविराजने समोर बसलेल्या पोरांकडे पाहिले.

“सगळी पोरं बघत हुती. लाज वाटली.”

करुणाने त्याच्या हातातून मला घेतले आणि ती जिना उतरली. बैठक त्यानंतर पुन्हा भरली नाही. अविराजने माझ्या त्या सोळा पानांच्या दोनशे झेरॉक्स काढून गावोगावच्या संघांना वाटल्या. त्यांतल्या काहींत मैदानाबाहेर भजी बांधली गेलेली मी पाहिली.

यंदाच्या मार्चमध्ये इंदापूरच्या मैदानावर पुन्हा स्पर्धा झाली. करुणाने रजा काढली आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन ती रेषेजवळ बसली. तिला कुणी बोलावले नव्हते. मी तिच्या पिशवीत होतो. शेवटची दहा मिनिटे राहिली असताना हेडर मारायला उसळलेल्या संभाजीचे डोके दुसऱ्याच्या डोक्यावर आपटले. तो पडला, उठला, लडखडला.

“मी बरा हाय!” त्याने हात वर केला.

करुणा मैदानात शिरली. पंच तिला बाहेर जायला सांगू लागले. ती चालत मधोमध गेली आणि गवतावर मांडी घालून बसली.

“हा भाईर गेल्याबिगर मी उठत न्हाय.”

लोक ओरडू लागले. कुणी पाण्याची बाटली फेकली. संभाजीसुद्धा चिडला. “ताई, एका गोलनं मागं हाय आमी! उठा!” ती त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू त्याचा आवाज बसला. त्याने दंडावरची कॅप्टनची पट्टी सोडून दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो चालत बाहेर गेला. तेव्हा ती उठली.

ती त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन गेली. तपासणीत काहीच निघाले नाही. इकडे संघ हरला. परतताना एकाने तिच्या तोंडावर ऐकवले, “उगाच सामना घालवला बाईनं. कायबी झालं न्हवतं त्याला.” संभाजीनेही तिचे आभार मानले नाहीत. ती रात्र मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो तिथेच राहिला, आणि सकाळी त्याने डब्यातली पिठलं-भाकरी खाल्ल्यावरच ती घरी आली नि तिने मला कोनाड्यात ठेवले.

आबा ओट्यावर बसले होते. “काय झालं सामन्याचं?”

“हरले.”

“आन पोरगं?”

“जेवलं, आबा.”

आबांनी मान हलवली आणि तोंड दुसरीकडे वळवले.

मित्रांनो, आता मी त्याच घरात आहे. माझे कव्हर सुटले आहे, शिवण ढिली झाली आहे. मला नवे कव्हर घाला असे मी सांगत नाही. माझे किंवा माझ्यासारख्या कुठल्याही पुस्तकाचे नाव दुसऱ्याला सांगाल, तेव्हा तुम्ही कितव्या पानावर थांबलात तेही सांगा. त्यात लाज काही नाही. पुढचे तो वाचेल.