राजाचा बाण आणि मास्तरांची टोपी

केझायाबाईंच्या पत्राला ॲसाहेल मास्तरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं; लिहायचे, पुन्हा वाचायचे आणि कागद फाडून टाकायचे. बाईंनी लिहिलं होतं, ‘माझ्या दारच्या पाइनवर राजाच्या माणसांनी बाण कोरलाय. त्या झाडाखाली माझा नवरा पुरलाय. तुम्ही एवढी पुस्तकं वाचता, तर गावसभेत माझ्यासाठी बोलाल का?’ बायकांना सभेत बोलायची मुभा नव्हती. मास्तरांना होती, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की ते मागच्या बाकाकडे सरकायचे.

अमेरिकेतल्या वसाहतींचं बंड मोडून साठ वर्षं झाली होती. न्यू हॅम्पशरवर अजून लंडनच्या राजाचंच राज्य होतं. बाण कोरलेला पाइन त्याच्या जहाजाची डोलकाठी व्हायचा.

सभेत राजाच्या वनाधिकाऱ्यानं विचारलं, “कुणाची हरकत?”

सगळ्यांच्या टोप्या डोक्यावरच राहिल्या. कायद्यातला नेमका शब्द मास्तरांना सापडला होता, पण जीभ उचलत नव्हती. कपाळावर घाम डबडबला. तो पुसायला त्यांनी टोपी काढली.

या गावात ज्याला बोलायचंय तोच टोपी काढतो, हे ते घाबरून विसरलेच.

“अरे वा! मास्तर बोलणार!” सभापती अबायजा म्हणाला.

“नाही, मी... घाम...”

“घामाचा ठराव नंतर घेऊ!” मागून कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. मास्तर कसेबसे उठले. “कायदा म्हणतो, गावाच्या हद्दीबाहेरचे पाइन राजाचे.”

“मग? बाईंच्या घराची टेकडी बाहेरच आहे,” अधिकारी म्हणाला.

“होती! बाईंकडून कर घेता यावा म्हणून या सभेनंच गेल्या वसंतात ती हद्दीत घेतली. गव्हर्नरसाहेबांची सही आहे. तुमचा बाण त्यानंतरचा!” मास्तरांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

अधिकाऱ्यानं कायदा उघडला, वाचला, पुन्हा वाचला. मग दाराशी उभ्या माणसांना म्हणाला, “झाड ओढायला आणलेले बैल परत न्या.”

टोप्या छतापर्यंत उडाल्या. अबायजानं मास्तरांना मिठीच मारली. “माझा बाप बंदूक घेऊन गेला नि हरला. तुम्ही नुसती टोपी काढलीत नि जिंकलात!”

बाहेर केझायाबाई उभ्या होत्या. डोळे ओले होते, पण जीभ नेहमीसारखीच. “खिडकीतून सगळं ऐकलं. पण मास्तर, माझ्या पत्राचं उत्तर?”

“आता कशाला, बाई?”

“मी टपालानं विचारलं होतं. उत्तरही टपालानंच यायला हवं.”

टपाल खानावळीत घेत. मास्तरांनी तिथंच कागद मागितला आणि एकच शब्द लिहिला, ‘बोललो.’ नेहमीसारखा तो पुन्हा वाचला, पण या वेळी कागद फाडला नाही. घडी घातली, मेण लावलं आणि टपालाच्या थैलीत टाकला.