कोर्लईहून आलेली मशीन

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची, काळी. मित्रांनो, ज्या कारखान्यात मी घडले तिथलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते कोर्लईतलं रेजिनाबाईंचं घर. नवरा वारल्यावर तीस वर्षं त्यांचा संसार माझ्या चाकावर चालला. चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनच्या विधीला जाणाऱ्या मुलींचे पांढरे झगे, काशीदच्या लॉजचे पडदे, सगळं आम्ही शिवलं. "टाका असावा तर रेजिनाबाईंचा," असं लोक म्हणत. तेव्हा मीही मनातून फुगत असे.

मग एका वर्षी मोठं वादळ आलं. पुलापलीकडच्या गावात जागृती सासरी राहत होती. शिवण ती रेजिनाबाईंकडेच शिकली होती. तिचा नवरा अल्पेश ट्रकच्या अपघातापासून अंथरुणावर होता आणि घर तिच्या शिवणावर चालत होतं. वादळात त्यांच्या पडवीवर माड कोसळला, त्याखाली तिची मशीन चेचली. शाळेचे साठ गणवेश कापून तयार होते. महिन्याभरात दिले नाहीत, तर ते काम दुसरीकडे जाणार होतं.

तिसऱ्या दिवशी रेजिनाबाईंनी मला पुसलं, तेल घातलं आणि टेम्पोत चढवून जागृतीकडे पाठवून दिलं. मला संशय आला. माझा टाका सुटायला लागला का? की बाईंनी मोटरवाली नवी मशीन बघून ठेवलीय?

पण माझ्याहून मोठा संशय जागृतीच्या सासऱ्यांना, भागोजींना आला.

"फुकट कोन देतं?" ते म्हणाले. "आज मशीन, उद्या म्हनतील चर्चमधी या. नायतर ही मोडकीच असंल."

"मामा, मी हिच्यावरच शिकले," जागृती म्हणाली. "मोडकी न्हाय."

"मंग त्या बाईला काय पायजे?"

जागृती दिवसभर मला चालवायची आणि भागोजी दारात बसून रस्त्याकडे बघायचे. पुलाकडून कुणी अनोळखी आलं की उठून उभे राहायचे. एकदा तर त्यांनी माझा खण उपसून काही चिठ्ठीबिठ्ठी आहे का ते पाहिलं. मला फार अपमान वाटला. खणात जुन्या सुया होत्या, बाकी काही नव्हतं.

गणवेश वेळेवर गेले. कोर्लईहून कुणी आलं नाही, तसे भागोजी जास्तच अस्वस्थ झाले. एका सकाळी त्यांनी मला टेम्पोत घातलं. "परत देतो. कुनाचं ओझं नको."

जागृतीचं नवं काम माझ्यावर अर्धवट पडलं होतं.

कोर्लईला रेजिनाबाईंचं दार उघडंच होतं, टेम्पोतून मला आतलं दिसत होतं. भागोजी आत वाकले आणि माझ्या जागेकडे बघू लागले. तिथे मोटरवाली मशीन नव्हती. चटई होती. चटईवर रेजिनाबाई हातसुईने पडदा शिवत होत्या. बोटाला चिंधी बांधलेली होती.

"बाई, दुसरी मशीन कुठाय?"

"दुसरी न्हाय, भाऊ. एकच होती."

"मंग आमाला का दिलीस?"

रेजिनाबाईंनी सुई पडद्यात टोचून ठेवली. "दरवर्षी ईस्टरच्या आधी उपासाचे चाळीस दिवस मी मासळी सोडते. पण माझ्या मासळी सोडण्यानं कुणाचं पोट भरलं, असं मला दिसलं न्हाय. देवाला द्यायचं तर जे आपल्याला लागतं ते द्यावं, असं वाटलं. मला दोन हात हायत. जागृतीच्या घरात तीन माणसं हायत."

"आनि आमी काय करायचं?"

"शिवायचं."

भागोजी बाहेर आले. त्यांनी मला टेम्पोतून उतरवलंच नाही. परतीच्या वाटेवर ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. मागे माझ्याजवळ बसले आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी मला धरून ठेवत होते.

मित्रांनो, घरी माझ्यासारखी जुनी वस्तू असेल तर तिला अडगळीत टाकू नका, वेळेवर तेल द्या. आणि कुणी काही दिलं, तर संशय येणारच. मलाही आला होता. अशा वेळी खण उपसू नका. देणाऱ्याच्या घरी जा आणि त्याच्याकडे मागे काय उरलंय, ते पाहा.